कुळाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींचे असेल तसे असो, पण आपण काही ऋषी नव्हे. आपल्या मंडळातल्या बहुतेक जणींचे सासर किंवा माहेर कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या शेतकऱ्याच्या घरातले आहे. आपली माणसे गिरणीच्या भोंग्यामागे मुंबईत आली, लालबाग-परळच्या चाळींत राहिली आणि आता तिसरी-चौथी पिढी इथे नांदते आहे. एखाद्या मुलाला विचारावे, "तुझ्या पणजोबांचे नाव काय रे?" तर ते आईच्या तोंडाकडे बघते, आई सासूच्या तोंडाकडे बघते, आणि सासूबाई नसल्या की प्रश्न तिथेच संपतो. पणजीचे नाव तर कोणी विचारतही नाही.

यंदा वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "दर वेळी तुम्ही फराळाचे पदार्थ लिहून देता, यंदा काही दुसरे द्या." माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी इतिहास शिकलेली बाई नव्हे. पण गेली तीन वर्षे सासरच्या घराण्याची वंशावळ जमवण्याच्या खटपटीत मी पडले आहे. त्यातून जे समजले ते भगिनींपुढे ठेवते. कोणाला उपयोगी पडले तर आनंदच आहे.

प्रथम 'कूळ' या शब्दाविषयी. त्याचे दोन अर्थ आपण जाणतोच. एक कूळ म्हणजे वंश, घराणे. कुलदैवत, कुळाचार हे शब्द त्यातूनच आले. दुसरे कूळ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणारा शेतकरी. आमचे सासर संगमेश्वर तालुक्यातले. तिथे आमचे घराणे पिढ्यानपिढ्या खोताचे कूळ होते. तेव्हा मी जे शोधायला निघाले ते कुळाचे कूळ. आणि तिथेच खरी अडचण आहे.

कोकणातल्या कितीतरी मोठ्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याला मुलगे किती, कोणती शाखा कोणत्या गावी गेली, हे सारे त्यात मिळते. त्यांच्याकडे सनदा होत्या, वतनाचे कागद होते, लिहिणारी-वाचणारी माणसे होती. कुळाकडे यातले काय होते? कुळाचे नाव कागदावर चढायचे ते फक्त त्याच्याकडून काही घ्यायचे असले की. खोत हा गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. बहुतेक ठिकाणी त्याची खोती वंशपरंपरेने चाले. कुळाने पिकाचा ठरलेला भाग त्याला घालायचा. अर्धा भाग दिला तर अर्धेल म्हणत, तिसरा दिला तर तिर्धेल. वर वेठ होतीच. इंग्रज सरकारने १८८० साली खोतीचा कायदा केला. कोणत्या कुळाने खोताला काय द्यायचे याच्या गावोगाव नोंदी होत्या. अशा जुन्या नोंदीला आमच्याकडे बोटखत म्हणतात. म्हणजे देण्याच्या निमित्ताने का होईना, आपल्या पूर्वजांची नावे लिहिली गेली.

पण ती कशी लिहिली गेली, तेही पाहा. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते. अमका बिन तमका, एवढेच. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. त्यातून आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत. त्यामुळे एकाआड एक पिढीला तेच नाव येते आणि शंभर वर्षांत एका नावाची तीन माणसे होऊन जातात. कागद वाचणाऱ्याला ती एकच वाटतात. शिवाय जुने कितीतरी कागद मोडी लिपीत आहेत. ते वाचता येणारी माणसे आता थोडी उरली आहेत. सरकारचे पुराभिलेख खाते मोडी शिकवण्याचे वर्ग घेते. आमच्या पुतण्याने असा वर्ग केला, म्हणून आमचे काम पुढे सरकले.

बायकांचे तर विचारूच नका. बाई कागदावर आलीच तर 'कोम' म्हणून येते. अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. आताच्या सातबाऱ्यावर तोच अर्थ 'भ्रतार' या शब्दाने लिहिलेला दिसतो. तिचा बाप कोण, माहेर कोणते, याचा पत्ता नाही. लग्नात तिचे नावही बदलायचे. माहेरची एक आणि सासरची दुसरी. म्हणजे बारा-तेरा वर्षांची मुलगी एका गावच्या आठवणीतून पुसली जायची आणि दुसऱ्या गावी नव्या नावाने उगवायची. मग तिचा माग लागावा कसा?

आता आपली माणसे मुंबईला कशी आली ते थोडक्यात सांगते, कारण माग लागण्याची दुसरी अडचण त्यातच आहे. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या तशी माणसे लागली. कोकणात पाऊस भरपूर, पण जमिनीचे तुकडे लहान आणि पीक एकच. दसरा-दिवाळीला भात कापून झाले, खोताचा भाग घातला की शिमग्यापर्यंत घरातली कणगी तळाला जायची. मग घरातला एक भाऊ शेतावर राहायचा आणि दुसरा गलबतात, पुढे आगबोटीत बसून भाऊच्या धक्क्यावर उतरायचा. कोकण रेल्वे तर अगदी अलीकडची. रत्नागिरीमार्गे ती पुरी धावू लागली १९९८ साली. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या शंभर माणसांपैकी मुंबईतच जन्मलेली अवघी सोळा होती. बाकी सारी बाहेरून आलेली.

गिरणीत माणूस लावायचा तो जॉबर. तो आपल्या गावच्या, आपल्या भावकीतल्या माणसांना बोलावून घ्यायचा. म्हणून एका गावचे लोक एकाच गिरणीत, पुष्कळदा एकाच खात्यात सापडतात. राहायलाही एकत्रच. गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत पंचवीस-तीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खानावळीत जायचे. बायकोमुले गावी. बायको मुंबईत आली तरी बाळंतपणाला गावी जायची. म्हातारपणी दोघेही गावीच जायची. त्यामुळे एकाच माणसाचा जन्म गावच्या दप्तरात, नोकरी गिरणीच्या हजेरीत, मुलांची शाळा परळला आणि मरण पुन्हा गावी, असा चार ठिकाणी पसारा होतो. मधेच कुठे रोगराई आली की दोरा तुटतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे मेली, हजारो गावाकडे पळाली. १८९१ साली मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ साली ७ लाख ७६ हजारांवर आली. आमच्या घराण्यातला एक भाऊ त्याच सुमारास मुंबईला गेला तो परत आलाच नाही, एवढेच सांगतात. त्याची बायको चूल वेगळी न मांडता मोठ्या जावेजवळ राहिली. तिचे नाव कोणालाच आठवत नाही.

असे असता दुसरीकडची शेतकरी माणसे आपले कूळ कसे शोधतात, याची मला उत्सुकता वाटली. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांना याचे मोठे वेड आहे. त्यांचे पूर्वज विलायतेतून १६०० सालानंतर बोटीने गेले, जंगल तोडून शेती करू लागले. मेफ्लॉवर नावाचे जहाज १६२० साली गेले, त्यातल्या उतारूंची यादी अजून आहे. चर्चमध्ये बारशाची आणि लग्नाची वही असे. जमिनीचे दस्त असत. एवढी सोय! पण तिथेही एक गोष्ट वाचून मी चकित झाले. त्यांची पहिली देशभरची शिरगणती १७९० साली झाली. तेव्हापासून १८४० पर्यंतच्या शिरगणतीत फक्त घरच्या कर्त्या माणसाचे नाव लिहीत, बाकीच्यांची नुसती डोकी मोजत. एखादी विधवा घर चालवत असली तर तिचे नाव यायचे. घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव १८५० सालापासून लिहू लागले, तेही स्वतंत्र माणसांचेच. गुलामांचे नाव तेव्हाही नाही. मालकाच्या नावाखाली वय आणि बाई की पुरुष एवढेच. तेव्हा पैसेवाल्या देशातही कष्ट करणाऱ्याचे आणि बाईचे नाव कागदावर यायला वेळच लागला.

आणि आता आपल्याच माणसांची गोष्ट ऐका. ज्या काळात कोकणातला एक शेतकरी मुंबईच्या धक्क्यावर उतरत होता, त्याच काळात दुसरा त्याच मुंबईच्या बंदरातून मोठ्या जहाजात बसून मॉरिशस बेटावर जात होता. तिथल्या उसाच्या मळ्यांत गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. १८३४ पासून पुढे सारे मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची, पण मुंबई बंदरातूनही गेली. त्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडचे आपले लोक होते. पोर्ट लुई बंदरात ती जिथे उतरत त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली ती जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्या माणसांचे हाल फार झाले. करार मोडला तर शिक्षा, मळ्याबाहेर जायला परवाना. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

पण मळेवाल्यांना आणि सरकारला आपला माणूस हरवू द्यायचा नव्हता. म्हणून त्यांनी प्रत्येकाची नोंद केली. नंबर, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवला ते. १८६० नंतरच्या काळात तर छायाचित्रेही काढू लागले. हे सारे दप्तर तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहे. आज मॉरिशसमधली मराठी माणसे तिथे जातात आणि आपल्या पणजोबांचा नंबर शोधून काढतात. त्यांच्यात पुष्कळांची आडनावे म्हणजे पहिल्या आलेल्या माणसाचे नुसते नावच आहे. आजोबांच्या नावाचे आडनाव झाले, आणि मूळचे गावकडचे आडनाव मागे राहिले. तरी गणेशचतुर्थी ते अजून करतात. त्या देशात गणपतीची सरकारी सुट्टी असते.

यातली एक गोष्ट मला फार लागून राहिली. त्या दप्तरात बाईला तिचा स्वतःचा नंबर आहे. ती कोणाची बायको असली तरी तिचे नाव, तिचे वय आणि तिच्या बापाचे नाव वेगळे लिहिण्याची तिथे रीत होती. हे कोणी तिच्या मानासाठी केले नाही, कामाच्या हिशेबासाठी केले. पण कसे का होईना, समुद्रापलीकडे ऊस तोडायला गेलेल्या कोकणी बाईचे नाव आज तिच्या पणतीला सापडते, आणि इथे आगबोटीतून उतरून लालबागला चूल मांडलेल्या तिच्या बहिणीचे नाव तिच्या पणतीला सापडत नाही.

आता आमच्या घरचे सांगते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, २०१९ साली गेले. पुढे गावच्या जमिनीला वारसनोंद करायची म्हणून तलाठ्याकडे वंशावळ द्यायची झाली. गावच्या चुलत दिरांनी एक कच्ची वंशावळ करून पाठवली. तीत चार पिढ्या होत्या. वर पणजे, खाली आजे, त्याखाली मामंजी आणि चुलतसासरे, त्याखाली मुलगे. साऱ्या कागदावर एक बाई नव्हती. माझ्या दोन्ही नणंदा नव्हत्या. मामंजींची थोरली बहीण, म्हणजे माझ्या आत्तेसासूबाई, सत्त्याऐंशी वर्षांच्या, परळला राहतात, रोज सकाळी स्वतः देवपूजा करतात. त्याही नव्हत्या.

मी तो कागद त्यांना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला जमीन नको गो बाय. पण मी ह्या घरात जन्मले, एवढे तरी कागदावर येऊ दे की." त्यांनी हे रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हटले. तेव्हाच मी ठरवले की ही वंशावळ आपण नीट करायची.

मग आम्ही एक-एक कागद जमवू लागलो. तालुक्याला जाऊन जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणारी नोंद. सातबारा आजची स्थिती सांगतो, पण बदल का झाला हे फेरफार सांगतो, म्हणून कूळ शोधणाऱ्याला तो जास्त उपयोगी. जन्ममृत्यूची जुनी नोंद तालुक्याच्या दप्तरात गाव नमुना चौदा नावाच्या वहीत असते. तिला कोतवाल बुक म्हणतात. शाळेच्या जुन्या रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मगाव आणि जात सापडते. हे सारे काढताना आमच्या घरातही दोन सारख्या नावांचा घोटाळा निघाला. कागदावर एकच माणूस १८९० च्या सुमारास आणि पुन्हा १९४० च्या सुमारास जमीन कसताना दिसत होता. तेव्हा आत्तेसासूबाईंनीच उलगडा केला. "एक आजोबा आणि दुसरा त्यांचा नातू. नातू धाकट्या आजीच्या घरचा. त्यांचे शेत ओढ्यापलीकडचे." ओढ्यापलीकडचा गट नंबर वेगळाच निघाला. त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्या घरात लहानपणापासून सगळे ऐकत आले की कूळकायदा आला आणि आज्यांना जमीन मिळाली. मीही लग्न होऊन आल्यावर तेच ऐकले. आता कूळकायद्याचा इतिहास असा. खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांनी फार वर्षे झगडा केला. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली संप केला, तो सहा वर्षे चालला. शेते पडीक ठेवली, उपास काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा आपल्या या मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. पुढे खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. १९४८ चा कूळकायदा होताच, त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्याला कृषक दिन म्हणतात. मात्र जमीन फुकट नव्हती. तिची किंमत सरकारने ठरवायची आणि कुळाने ती भरायची, एकदम नाहीतर हप्त्यांनी. सगळी भरली की कलम ३२ म प्रमाणे खरेदीचे प्रमाणपत्र मिळायचे.

आमच्या आज्यांचे कोतवाल बुकातले मरण सापडले १९५४ सालचे. म्हणजे कृषक दिन आला तेव्हा ते हयातच नव्हते. मग जमीन कोणी मिळवली? फेरफार काढला. त्यात मामंजींचे नाव, वय चौदा, आणि पुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आणि आजेसासूबाईंचे नाव. ही अक्षरे सातबाऱ्यावर पुष्कळ जणींनी पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञान मुलाचा सांभाळ करणारा. मुलगा अज्ञान, म्हणून आईचे नाव आले. मुलगा सज्ञान झाला की दुसरा फेरफार होऊन ते कमी व्हायचे. तसे ते १९६१ साली कमी झाले. चार वर्षांपुरते त्या कागदावर होत्या आणि मग गेल्या.

हप्ते कोठून भरले, हे मात्र कोणत्याही कागदात नाही. ते आत्तेसासूबाईंना ठाऊक होते. नवरा गेल्यावर आजेसासूबाई मुलांना घेऊन लालबागला आल्या आणि दहा बाय बाराच्या खोलीत गावच्या गिरणीकामगारांची खानावळ चालवू लागल्या. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या. आत्तेसासूबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. सकाळच्या पाळीचे डबे गिरणीच्या फाटकावर त्या नेऊन द्यायच्या. पगार झाला की जेवणारे पैसे आणून द्यायचे, त्यातून आधी वाण्याचे द्यायचे आणि मग हप्त्याची रक्कम मनीऑर्डरने गावी दिराकडे जायची. एका वर्षी गिरणीत संप झाला, जेवणाऱ्यांकडे पैसे नव्हते. तरी खानावळ बंद केली नाही आणि हप्ताही चुकवला नाही. हातातल्या पाटल्या गेल्या. आत्तेसासूबाईंच्या लग्नात घालायला म्हणून त्या ठेवलेल्या होत्या.

म्हणजे आमच्या पाऊण एकर भातजमिनीची किंमत लालबागच्या भाकरीने भरली आहे. खरेदीचे प्रमाणपत्र मुलाच्या नावाने आहे आणि ते बरोबरच आहे, पण घराण्याची हकीकत सांगताना कोणी ती भाकरी सांगत नव्हते. माझ्या यजमानांना हे पन्नाशीत कळले. ते बराच वेळ तो फेरफार हातात धरून बसले होते.

अशा खानावळवाल्या बाया गिरणगावात हजारोंनी होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा बँकांनी त्यांना कर्जे दिली आणि जगाला त्यांची माहिती झाली. त्याआधीच्या साऱ्या बाया नावावाचून गेल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायाही थोड्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे पाचात एक कामगार बाई होती, बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. त्यांच्यावरच्या मुकादमणीला नायकीण म्हणत. पुढे बायकांची संख्या घटत गेली आणि लोकांच्या डोळ्यांपुढे गिरणीकामगार म्हणजे पुरुष असेच चित्र राहिले. तुमच्यापैकी कोणाची आजी किंवा पणजी गिरणीत असेल, तर तिचे खाते कोणते होते ते आजच विचारून ठेवा.

आजच म्हणते याला कारण आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. पुढे सरकारने गिरणीकामगारांना घरे द्यायचे ठरवले आणि २०१२ साली म्हाडाने पहिली सोडत काढली. तेव्हा कामगार असल्याचा पुरावा मागितला गेला आणि गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, विमा योजनेचे कार्ड, फंडाचा नंबर यांसाठी घरोघरी ट्रंका उपसल्या गेल्या. ज्यांच्या आईने ते कागद पत्र्याच्या डब्यात जपले होते त्यांचे काम सोपे झाले. आता चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या बिऱ्हाडांना २०२५ साली नवी घरे मिळाली. फार चांगले झाले. चार पिढ्यांनी एका खोलीत काढले, त्यांना संडास-न्हाणीघर घरात मिळाले. पण बिऱ्हाड हलवताना माळ्यावरच्या ट्रंका पहिल्या भंगारात जातात. त्या ट्रंकेत पगाराची चिठ्ठी, गावच्या मंडळाची वर्गणीची पावती, मनीऑर्डरची पोच, जुने शिधापत्रक असते. ज्याला आपण रद्दी म्हणतो तीच आपली सनद आहे. आपल्याला दुसरी सनद नाही.

कायद्याने आता आपली बाजू पुष्कळ धरली आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली मिळाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असे लिहिण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय झाला आहे. म्हणजे आजपासून शंभर वर्षांनी आपल्या पणतवंडांना आईचे नाव शोधत बसावे लागणार नाही. पण मागच्या शंभर वर्षांच्या बायकांचे काय? त्यांची नावे सरकार लिहू शकत नाही. ती सरकारला ठाऊकच नाहीत. ती ठाऊक आहेत आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना.

म्हणून भगिनींना माझे सांगणे इतकेच. कागद शोधायला वेळ लागतो, तालुक्याला खेटे घालावे लागतात, ते सावकाश करा. कागद आणखी दहा वर्षे तिथेच राहतील. माणूस राहीलच असे नाही. आधी घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ वही घेऊन बसा. "वंशावळ सांगा" म्हटले तर त्या गोंधळतात. त्याऐवजी विचारा, तुमचे माहेरचे नाव काय होते, लग्नात कोण कोण आले होते, बाळंतपण कोणी केले, कोणाच्या घरी कोण दिली, शेत कोणत्या बाजूला होते, शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारी येई. मग नाती आपोआप बाहेर येतात. एक नाव सांगताना त्यांना दुसरे आठवते. गावच्या मुंबईकर मंडळाच्या जुन्या वह्या पाहा. वाडीवार वर्गणीची नावे त्यांत मिळतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला घरचे कोणी गेले असेल तर तिथल्या उपाध्यांच्या नामावळीत गावाप्रमाणे नोंद असते, तीही पाहा. आणि वंशावळ लिहाल तेव्हा मुलीचे घर गाळू नका. ती कोणाकडे दिली तिथपर्यंत रेघ ओढा. सुनेच्या नावापुढे तिचे माहेर लिहा. मग दिसेल की घराण्याचे झाड एका गावात उभे नाही, त्याच्या मुळ्या दहा गावांत गेलेल्या आहेत.

आमची वंशावळ आता मोठ्या कागदावर झाली आहे. वारसनोंदीच्या कागदात दोन्ही नणंदांची नावे आली. आत्तेसासूबाईंचे नाव मामंजींच्या वर, थोरल्या म्हणून आधी लिहिले आहे. त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाल्या, "माझ्या आईचे माहेरचे नाव राहिले ना." ते त्यांनीच सांगितले आणि पुतण्याने लिहिले. प्लेगात परत न आलेल्या भावाच्या बायकोची जागा मात्र अजून कोरी आहे. रेघ ओढून तिथे नुसती 'धाकटी जाऊ' असे लिहून ठेवले आहे. कोणाला आठवले तर भरता येईल.

आपल्या मंडळाने यंदा एक जाड वही करावी, अशी माझी सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने आई, आजी आणि पणजी यांची माहेरची नावे, गाव आणि त्या काय काम करीत ते विचारून यावे आणि वहीत आपल्या हाताने लिहावे. वाण म्हणून तेवढे पुरे. जिला लिहिता येत नसेल तिचे मी लिहून देईन.